क्लॉक चिपची टेक्स्ट फाइल स्कीमात बसवली: डीटी-स्कीमा वापरून झालेलं मत

मार्च महिन्यातली गोष्ट. मिरजेत सतारमेकर गल्लीत एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत (घोडी घासून नाद जमवत) बसले होते. मी शेजारी आमचा रेकॉर्डिंगचा डबा ठेवून, आदल्या आठवड्यात त्यांच्याच दुकानात टिपलेला नाद त्यांना ऐकवत होते. चाचांचा कानसीवरचा हात थांबला. "ताई, हा माझा तंबोरा नव्हे." मी म्हटलं, "चाचा, तुमचाच आहे, तारीख बघा की." त्यांनी मान हलवली. "मी काळी एकला लावला होता. हा पांढरी दोनच्या वर गेलाय आणि काळी दोनला पोचलेला नाही. अशी पट्टीच नसते."

चाचांचं बरोबर होतं. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन टिपलेला आवाज ४८,००० च्या वेगाने वाजवला, की तो १.०८८ पट चढतो, म्हणजे सुमारे दीड अर्धस्वर. काळी एकपासून दीड अर्धस्वर वर गेलं की माणूस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन पडतो. तिथे पेटीला सूरच नाही. चाचांना ते दोन सेकंदांत कळलं. माझ्या ऑसिलोस्कोपने ते संध्याकाळी दाखवलं: जिथे ११.२८९६ मेगाहर्ट्झ हवे होते, तिथे १२.२८८ मेगाहर्ट्झ येत होते.

हे परीक्षण ज्या अवजाराचं आहे त्याचं नाव डीटी-स्कीमा. लिनक्सवर चालणारे बोर्ड बनवणाऱ्यांसाठीचं, बोर्डाच्या वर्णनाची फाइल तपासणारं ते मोफत साधन आहे. चूक सापडल्यावर मी ते हातात घेतलं आणि आता त्याच्याशिवाय कुठलाही बोर्ड दुकानाबाहेर जाऊ देत नाही. आधी चूक कशी झाली ते सांगते, म्हणजे अवजाराचं मोल कळेल.

सांगलीत विश्रामबागेला माझं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. मी आणि डिप्लोमा करून आलेला एक मुलगा, एवढीच माणसं. मिरजेच्या वाद्य बनवणाऱ्यांसाठी आम्ही एक छोटा डबा केला. वाद्य गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी त्याचा नाद टिपून ठेवायचा. दोन वर्षांनी तेच वाद्य जवारीसाठी परत आलं, की जुना नाद लावून कानाने ताडून बघायचं. काही रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झची आहेत आणि काही ४८ ची, म्हणून कोडेकला (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपला) दोन्ही घराण्यांचं घड्याळ पुरवावं लागतं. २५६ ने गुणलं की एकाचं ११.२८९६ मेगाहर्ट्झ होतं आणि दुसऱ्याचं १२.२८८. दोन वेगळे ऑसिलेटर लावण्याऐवजी आम्ही एसआय५३५१ ही चिप घेतली. एकच २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आत दोन पीएलएल (क्रिस्टलची वारंवारिता गुणून वाढवणारी सर्किटं), आणि बाहेर हवी ती वारंवारिता. पीएलएलचा आतला ऑसिलेटर ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतो. ११.२८९६ ला चौसष्टने गुणलं की ७२२.५३४४ येतात आणि १२.२८८ ला गुणलं की ७८६.४३२. दोन्ही मर्यादेत बसतात आणि भागाकार पूर्णांकात होतो, त्यामुळे घड्याळ स्वच्छ राहतं. दहा पायांच्या पॅकेजमधली चिप आहे, हाताने डाग देता येतो, म्हणजे सोल्डर करता येते. चिपबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार होती ती आमच्या डिव्हाइस ट्रीच्या फाइलमधल्या एका शब्दाबद्दल. ज्यांना याची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोर्डावर कुठली चिप कुठल्या पत्त्यावर बसली आहे, तिला कुठून काय मिळतं, हे लिनक्सला सांगणारी एक फाइल असते. ही कल्पना ओपन फर्मवेअरमधून आली, त्याचं आयईईई १२७५ हे मानक १९९४ चं. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांचं वर्णन आधी सी भाषेच्या फाइलींत कोंबलेलं असायचं. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी त्या गोंधळावर जाहीर राग काढला आणि त्यानंतर ही सगळी वर्णनं हळूहळू डिव्हाइस ट्रीत गेली. त्या फाइलीत प्रत्येक चिपसाठी कोणते शब्द वापरायचे आणि कोणते आकडे चालतील, हे ज्यात लिहिलेलं असतं त्याला बाइंडिंग म्हणतात. कितीतरी वर्षं ही बाइंडिंग साधी टेक्स्ट फाइल असायची. माणसाने वाचायची, समजून घ्यायची, आणि बरोबर लिहायचं.

आमच्या फाइलीत पहिल्या आउटपुटच्या नोडमध्ये, म्हणजे त्याच्या कप्प्यात, क्लॉक-फ्रिक्वेन्सी हा शब्द होता आणि त्यातलं इंग्रजी 'ई' हे एक अक्षर गळालं होतं. बस, एवढंच. आकडा बरोबर होता, जागा बरोबर होती. ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा लिनक्सचा भाग, काय करतो, तर नोडला विचारतो, "क्लॉक-फ्रिक्वेन्सी नावाचं काही आहे का?" नाही म्हटलं, की ती ऐच्छिक प्रॉपर्टी (नोडमधली नोंद) असल्यामुळे तो मुकाट पुढे जातो. चुकीच्या स्पेलिंगचा शब्द तिथेच पडून राहतो, त्याला कोणी हाकही मारत नाही. लिनक्सच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, चिपला १२.२८८ वर लावून गेलेला होता, तेच चालू राहिलं. लॉगमध्ये एक ओळ नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही. अडीच दिवस मी कोडेकची रजिस्टरं तपासत होते, क्रिस्टल बदलला, डाग परत दिला.

इथे एक फरक नीट कळायला हवा. आकड्याची चूक ड्रायव्हर पकडू शकतो. याच चिपमध्ये आउटपुटची ड्राइव्ह-स्ट्रेंथ २, ४, ६ किंवा ८ मिलिअँपिअरच असते, तुम्ही ५ लिहिलंत तर ड्रायव्हर बूट होताना ओरडतो. पण नावाची चूक तो पकडू शकत नाही, कारण ते नाव त्याने कधी ऐकलेलंच नसतं. नावाची चूक पकडायची तर कोणाकडे तरी सगळ्या चालणाऱ्या नावांची पूर्ण यादी पाहिजे आणि "यादीबाहेरचं काही आलं तर नाही म्हण" अशी सूचना पाहिजे. डीटी-स्कीमा नेमकं हेच करतं.

त्याची रचना अशी. टेक्स्ट फाइलच्या जागी यॅमल या यंत्राला वाचता येणाऱ्या मांडणीत फाइल लिहायची आणि तिची शब्दावली जेसन-स्कीमाची, म्हणजे काय चालेल आणि काय नाही याचे नियम लिहायच्या पद्धतीची. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०१९ च्या आसपासपासून बाइंडिंग या रूपात यायला लागली. मग हे अवजार दोन कामं करतं. एक, तुमची स्कीमाची फाइल स्वतः नियमात आहे का ते बघतं, त्यातलं उदाहरणसुद्धा खरोखर कंपाइल करून तपासतं. दोन, तुमच्या बोर्डाची कंपाइल झालेली डिव्हाइस ट्री त्या स्कीमावर घासून बघतं. म्हणजे दस्तऐवज आणि परीक्षक एकच. दस्तऐवज चुकला तर तपासणीच चुकते, म्हणून तो चुकीचा ठेवून चालत नाही.

मला हे इतकं का लागलं, त्याला एक जुनं कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा माझं वर्कशॉप गावभागात होतं. तळमजल्यावर पाणी शिरलं. बोर्ड आम्ही माळ्यावर टाकले, लॅपटॉप डोक्यावरून नेला, पण एक लांब वही टेबलाच्या खणात राहिली. त्या वहीत मी सहा वर्षं प्रत्येक चिपबद्दल लिहिलेलं होतं: हिला हा शब्द लागतो, तिला तो आकडा चालत नाही, ह्या पायाला हे द्यायचं. पाणी उतरल्यावर वही सापडली तेव्हा पानं चिकटून त्याची वीट झाली होती. ती मी अजून टाकलेली नाही. त्यानंतर मी सगळं फाइलींत लिहायला लागले आणि मला वाटायचं की आता सुरक्षित झालं. पण फाइलीत लिहिलेलं आणि बोर्डावर चाललेलं यांची गाठ कोणी घालत नव्हतं. वही काय, टेक्स्ट फाइल काय, मी वाचेन तेव्हाच ती बोलणार.

आता प्रत्यक्ष काम. आमच्या बोर्डाचा कर्नल ५.१० चा आहे आणि त्यात एसआय५३५१ चं बाइंडिंग जुन्या टेक्स्ट रूपात आहे. मुख्य कर्नलमध्ये आता त्याची यॅमल फाइल आलेली आहे, ती तशीच उचलता आली असती. मी स्वतः लिहायला बसले, कारण मला जुनी फाइल ओळ-ओळ वाचायची होती आणि आमच्या दहा पायांच्या पॅकेजच्या अटी घालायच्या होत्या. पान-दीड पानाची टेक्स्ट फाइल, म्हटलं दुपारी होईल. चार दिवस लागले. ते चार दिवस वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही.

टेक्स्ट फाइल वाईट नव्हती, हे आधी सांगते. ज्याने लिहिली त्याने मन लावून लिहिली आहे. पण माणसासाठी लिहिलेलं वाक्य यंत्राला सांगायला गेलं की त्यात किती जागा सैल आहेत ते दिसतं. पीएलएल-सोर्सचंच घ्या. टेक्स्टमध्ये लिहिलंय की प्रत्येक पीएलएलसाठी क्रमांक आणि स्रोत अशी जोडी द्यायची. वाचताना यात काही अडत नाही. स्कीमा लिहायला घेतलं की प्रश्न येतात. जोड्या किती? एक चालेल का, की दोन्ही द्यायलाच हव्यात? जोडीतला पहिला आकडा ० किंवा १ सोडून काही असू शकतो का? तिसरी जोडी आली तर? मी शेवटी ड्रायव्हरचा कोड आणि डेटाशीट शेजारी उघडून ठरवलं: आकड्यांचं कोष्टक, प्रत्येक ओळीत दोन आकडे, कमीत कमी एक ओळ, जास्तीत जास्त दोन. आणखी एक गंमत अशी कळली की डिव्हाइस ट्री कंपाइल झाल्यावर कंस उरतच नाहीत. दोन जोड्या वेगळ्या कंसांत लिहा किंवा चारही आकडे एका कंसात लिहा, बाइट तेच. ते दोन-दोनमध्ये तोडायचे हे अवजाराला कळतं ते तुमच्या स्कीमातूनच.

दुसरी सैल जागा पोटजातींची. या चिपचे ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि ए मध्ये आणखी एक दहा पायांचं लहान पॅकेज. बाहेरून घड्याळ घेणारी क्लॉक-इनची सोय फक्त सी मध्ये. टेक्स्टमध्ये हे कंसात लिहिलेलं, "फक्त सी साठी". स्कीमात तेच अट म्हणून लिहावं लागतं: कम्पॅटिबल या चिपचा प्रकार सांगणाऱ्या प्रॉपर्टीत सी असेल तर दोन इनपुट चालतील, नसेल तर फक्त क्रिस्टल. लहान पॅकेजला मी आणखी दोन अटी घातल्या. त्याला आउटपुट तीनच आहेत, त्यामुळे नोड शून्य, एक, दोन एवढेच. आणि पत्ता बदलायचा पाय त्याला नाही, त्यामुळे पत्ता हेक्समधला ६० च, ६१ नाही. फाइल पहिल्यांदा आमच्या बोर्डावर चालवली तेव्हा त्या तीन आउटपुटच्या अटीनेच एक जुनं घोंगडं बाहेर काढलं. आमच्या डिव्हाइस ट्रीत चौथ्या आउटपुटचाही नोड होता. वर्कशॉपमधल्या मुलाने उदाहरणातून उतरवताना तो सोबत आला होता आणि आठ महिने तिथे बसून होता. आमच्या चिपला तो पायच नाही.

तिसरी गोष्ट नावांची. जुन्या पद्धतीत पोटनोडांची नावं क्लॉकआउट-शून्य, क्लॉकआउट-एक अशी जोडून लिहीत. नोडमध्ये रेग (पत्ता सांगणारी प्रॉपर्टी) असेल तर नावात ॲटचं चिन्ह घालून तोच आकडा यायला हवा, हा नियम आता कंपाइलरच सांगतो. तेव्हा सगळी नावं बदलली. प्रॉपर्टींची नावं मात्र एकही बदलली नाही आणि रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं राहील. आज नवी प्रॉपर्टी लिहायची झाली तर ड्राइव्ह-स्ट्रेंथच्या नावाला एककाचा प्रत्यय लावावा अशी रीत आहे, म्हणजे आकडा मिलिअँपिअर आहे की मायक्रो हा प्रश्न उरत नाही. मोह होतो. पण जुने बोर्ड जुन्याच नावाने चाललेले असतात, रूपांतर म्हणजे आहे ते नेमकं लिहिणं. त्याच कारणाने नावापुढचं सिलॅब्स हे उपपदही तसंच राहतं. सिलिकॉन लॅब्जचा टायमिंग चिपांचा धंदा २०२१ मध्ये स्कायवर्क्सने घेतला तरी जुन्या बोर्डांना दिलेला शब्द फिरवायचा नसतो.

एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. जुन्या फाइलीत म्हटलं होतं की एखाद्या आउटपुटचा नोड दिलाच नाही, तर चिपमधली आधीची मांडणी तशीच राहते. आमची चूक समजायला हे वाक्य अर्धी किल्ली होतं. नोड होता, फक्त त्यातला महत्त्वाचा शब्द ऐकू गेला नाही, आणि त्या एका बाबतीत आधीचं होतं तेच राहिलं. बाइंडिंगमध्ये हार्डवेअरचं वर्णन असावं, ड्रायव्हरच्या सवयींचं नसावं असा संकेत आहे, आणि तो मला पटतो. तरी हे वाक्य मी वर्णनात ठेवलं. पुढच्या माणसाचे अडीच दिवस त्याने वाचतील.

आता अवजाराच्या अडचणी, कारण त्या आहेत आणि नवख्या माणसाला त्या टोचतात.

बसवतानाच पहिली ठेच लागते. हे पायथनमधलं आहे, पिप या पायथनच्या बसवणी-साधनाने येतं, पण त्याआधी स्विग आणि पायथनच्या डेव्हलपमेंटच्या फाइली मशीनवर असाव्या लागतात, नाहीतर मध्येच कंपाइल अडकतं आणि कशाने अडकलं ते सरळ सांगत नाही. उबुंटूच्या नव्या आवृत्तीत पिप थेट सिस्टिममध्ये काही बसवू देत नाही, तेव्हा वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात बसवा. यॅमल-लिंटही सोबत घ्या. यॅमलमध्ये टॅब चालत नाही आणि दोन जागांचं अंतर चुकलं तर अर्थच बदलतो, ते लिंट आधी दाखवतं.

दुसरी अडचण संदेशांची, आणि इथे मी गुण कापते. फाइल तयार झाल्यावर मी आमची जुनी डिव्हाइस ट्री, म्हणजे तो गळालेल्या अक्षराचा शब्द तसाच ठेवून, तपासायला दिली. मुलाला शेजारी बसवलं होतं. उत्तर आलं की हा शब्द पिनकंट्रोल-आकडा या नमुन्यात बसत नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, पिनकंट्रोल तर आपण लिहिलेलंच नाही." त्याने अर्धा तास पिनकंट्रोल शोधण्यात घातला. खरी गोष्ट अशी की पिनकंट्रोल (पायांची मांडणी सांगणारी प्रॉपर्टी) सगळ्या नोडांना चालतं, म्हणून अवजार प्रत्येक स्कीमात ते आपणहून घालतं. मग अनोळखी शब्द आला की "माझ्याकडे जे नमुने आहेत त्यांत हा बसत नाही" असं म्हणून तो नमुना छापतं. म्हणायचं असतं एवढंच, की हा शब्द यादीत नाही. एकदा कळलं की कायमचं कळतं, पण पहिल्या वेळेला माणूस भलत्याच दिशेला जातो. "दिलेल्या कुठल्याच स्कीमात हे बसत नाही" असाही एक संदेश येतो, तो तर त्याहून मोघम. अशा वेळी मी अटी एकेक काढून परत चालवते.

तिसरी ठेच उदाहरणाची. फाइलीच्या शेवटी जे उदाहरण देतो ते अवजार स्वतःच्या एका नोडात गुंडाळून कंपाइल करतं. त्या नोडात पत्ता एका आकड्याचा आणि आकारमानही एका आकड्याचं धरलेलं असतं. आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरच्या चिपला आकारमान नसतं. त्यामुळे चिपच्या नोडभोवती आयटूसीचा नोड घालून त्यात पत्त्याचे सेल एक आणि आकाराचे शून्य असं लिहावं लागतं. हे केलं नाही तर रेगवरून भराभर वॉर्निंग येतात आणि वाटतं आपली स्कीमाच चुकली.

वेग बेताचा आहे. कर्नलमधून चालवलं की पहिल्यांदा ते सगळ्या स्कीमा वाचून काढतं, माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर चहा करून होतो. फक्त आपली फाइल तपास असं सांगायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून वापरा. आणि जुना कर्नल असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: आधी हे अवजार कंपाइलरने काढून दिलेल्या यॅमलवर तपासायचं, आता थेट डीटीबीवर, म्हणजे कंपाइल झालेल्या डिव्हाइस ट्रीवर तपासतं. त्यामुळे ५.१० चा कर्नल बांधणाऱ्या मेकफाइलशी नव्या आवृत्तीचं जुळत नाही. मी मेकच्या वाटेला न जाता आमच्या स्कीमांचं एक वेगळं फोल्डर केलं आणि डीटी-व्हॅलिडेट ही आज्ञा त्या फोल्डरसकट थेट डीटीबीवर चालवते. हे उत्तम चालतं. नेट लागत नाही, वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर होतं.

याची हद्दही सांगितली पाहिजे. मी स्पेलिंग बरोबर लिहून आकडा १,२२,८८,००० टाकला असता, तर डीटी-स्कीमाने तो आनंदाने पास केला असता. कुठल्या बोर्डाला कुठली वारंवारिता हवी हे त्याला ठाऊक नाही. बूटलोडर काय करून गेला तेही त्याला दिसत नाही. आणि स्कीमात एखादी प्रॉपर्टी आहे म्हणून ड्रायव्हर ती वाचतोच असंही नाही, ते दोन वेगळे हात आहेत. तेव्हा ऑसिलोस्कोपला सुट्टी नाही, आणि चाचांच्या कानाला तर नाहीच.

पण शब्दांची, जागांची, संख्यांची, पोटजातींच्या अटींची जी चूक बोर्ड हातात येऊन, डाग देऊन, बूट करून, गिऱ्हाइकासमोर ठेवून मग कळायची, ती आता टेबलावर काही सेकंदांत कळते. आमच्यासारख्या लहान वर्कशॉपला याचा अर्थ मोठा आहे. मोठ्या कंपनीत दुसऱ्याचा कोड वाचायला चार जण असतात. इथे मी आणि तो मुलगा, आणि आम्ही दोघांनीही तीच फाइल इतक्या वेळा पाहिलेली असते की गळालेलं अक्षर डोळ्यांना भरून आलेलंच दिसतं.

कोणी घ्यावं? तुम्ही लिनक्सचा एखादा तयार बोर्ड आणून त्यावर फक्त प्रोग्राम चालवत असाल, तर याची गरज नाही. मायक्रोकंट्रोलरवर थेट लिहीत असाल तरी नाही. पण स्वतःचा बोर्ड काढून त्याची डिव्हाइस ट्री लिहीत असाल, मग ते कुपवाडच्या एमआयडीसीत असो की घरच्या खोलीत, तर पहिल्या बोर्डापासून वापरा. आणि नुसती तपासणी चालवून थांबू नका. तुमच्या एका चिपची टेक्स्ट फाइल स्वतः स्कीमात बसवून बघा. क्लॉक चिप त्यासाठी चांगली, कारण तिच्यात आकडे आहेत, पोटनोड आहेत, अटी आहेत आणि तरी ती एका बैठकीत डोक्यात मावते. रूपांतर मुख्य कर्नलला पाठवायचं असेल तर परवान्याची ओळ आधी बघा. जुन्या टेक्स्ट फाइली कर्नलच्या जीपीएल-२ खाली आहेत, नव्या बाइंडिंगला जीपीएल आणि बीएसडी असा दुहेरी परवाना मागतात. जुनं वाक्य जसंच्या तसं उचललं असेल तर ज्याने ते लिहिलं त्याची संमती घ्यावी लागते. मी वर्णनं स्वतःच्या शब्दांत लिहिली.

गुण द्यायचे तर तपासणीला पाचपैकी पाच, संदेशांना दोन, बसवण्याच्या सोयीला तीन.

दुरुस्त डबा घेऊन मी एप्रिलमध्ये परत मिरजेला गेले. चाचांनी त्या दिवशीचाच तंबोरा भिंतीवरून उतरवला, मांडीवर घेतला, खर्ज छेडला आणि मग मला खूण केली. मी रेकॉर्डिंग लावलं. दोन्ही नाद एकत्र वाजत होते आणि मला ते वेगळे करता येईनात. चाचांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आता हा माझा," आणि कानस परत हातात घेतली. कोडेकचं बाइंडिंग आमच्याकडे अजून टेक्स्टमध्येच आहे. ते सोमवारी घेतेय.